माती किती वाजता? ‘दफन’ या शब्दाची ओळख

आमच्या लातूरकडं कुणी वारलं की फोनवर पहिला प्रश्न येतो, "माती कधी हाय?" अंत्यविधी, अंत्यसंस्कार, अंत्ययात्रा हे शब्द पेपरात आणि चौकातल्या फ्लेक्सवर. बोलण्यात फक्त माती. "काल मातीला गेलतो" एवढं म्हटलं की कामावर खाडा का पडला, हे पुढं कुणी विचारत नाही. गंमत अशी की ज्यांच्यात जाळतात त्या घरातही हाच शब्द चालतो. चितेवर दहन होतं, तिसऱ्या दिवशी राख सावडतात, तरी गाव म्हणतं, "माती झाली."

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या लिंगायत घरातल्या आजी गेल्या. नव्वदीच्या पुढच्या होत्या. घरात रडारड, अंगणात पाहुण्यांची गर्दी, आणि पेपरला निधनाची बातमी देण्याचं काम माझ्याकडं आलं. मी कागदावर लिहिलं, ‘दफनविधी दुपारी चार वाजता त्यांच्या शेतात होईल.’ आजींच्या नातवानं वाचलं आणि हळूच म्हणाला, "दादा, दफन नका लिहू. ते आपल्यातलं वाटत नाही." मी विचारलं, मग काय लिहू? पुरणार? त्यानं मान हलवली. गाडणार तर नकोच. ‘माती देणार’ हे खरं, पण छापायला घरगुती वाटत होतं. शेवटी ‘अंत्यविधी’ लिहून मजकूर पाठवला. त्या घाईत त्याला जे सांगायचं राहिलं, ते इथं नीट सांगतो.

‘दफन’ हा शब्द मूळचा अरबी. अरबी शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. त्या तीन अक्षरांत मूळ अर्थ असतो आणि त्यांच्या आगेमागे स्वर, उपसर्ग लावून एकाच घराण्यातले शब्द तयार होतात. इथला सांगाडा आहे द-फ-न. अर्थ : जमिनीत ठेवणं, झाकणं, नजरेआड करणं. यातून ‘मदफन’ म्हणजे पुरण्याची जागा, ‘मदफून’ म्हणजे पुरलेला. ‘दफीन’ म्हणजे आत दडलेला. शरीरात लपून राहिलेल्या, बाहेर न दिसणाऱ्या आजारालाही अरबीत हेच विशेषण लावतात. आणि ‘दफिना’ म्हणजे जमिनीत पुरून ठेवलेला खजिना. म्हणजे ज्या धातूतून माणसाला मातीत ठेवण्याचा शब्द आला, त्याच धातूतून जपून ठेवलेल्या सोन्यानाण्याचा शब्दही आला. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

उच्चाराचंही सांगायला हवं. मूळ शब्द ‘दफ्न’ असा, एकाच स्वराचा. मराठी जिभेला शब्दाच्या शेवटी असं जोडाक्षर अडतं, मग ती मध्ये एक स्वर घालून मोकळी होते. ‘हुक्म’चा हुकूम झाला, ‘उम्र’ची उमर, ‘फिक्र’ची फिकीर. तसाच ‘दफ्न’चा दफन आणि ‘कब्र’ची कबर. ‘दप्तर’ आणि ‘दफा’ हे शब्द मात्र या घराण्यातले नाहीत. दप्तर फारसीतून आलं आणि त्याचं मूळ ग्रीक भाषेत, कमावलेल्या कातड्यासाठीच्या शब्दात आहे. पूर्वी त्यावर लिहीत. दफाचा सांगाडाच वेगळा आहे. नुसता आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही.

कबर आणि मकबरा यांचं नातं मात्र खरं आहे. क-ब-र या सांगाड्यातून दोन्ही आले. ‘म’ हा उपसर्ग अरबीत बहुतेकदा जागा दाखवतो, म्हणून मकबरा म्हणजे कबरीची जागा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली, तिची कबर औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यात आहे. ‘मजार’ म्हणजे भेट द्यायची जागा. ‘दर्गा’ हा फारसी शब्द, त्याचा मूळ अर्थ दार, उंबरठा. कफनचं मूळ झाकणं, गुंडाळणं या अर्थाचं. एवढे सगळे शब्द मराठवाड्यात कसे रुजले, याचं उत्तर दौलताबादच्या पायथ्याशी आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी तिथं हलवली. दिल्लीहून सरदार, कारकून, कारागीर आणि सूफी आले. त्यांतले बुरहानुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले आणि जवळच खुलताबादेत त्यांना ठेवलं. त्या गावाचं जुनं नाव रौजा, म्हणजे अरबीत बाग. कबरीच्या जागेलाही हाच शब्द लावतात. पुढं मलिक अंबर तिथंच विसावला. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला, त्यालाही तिथंच आणलं. आणि मग १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात राहिला, कारभाराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू. त्यामुळं हे शब्द आपल्याकडं बाजारातून, कचेरीतून, शेजारातून आले आणि मुक्कामाला राहिले.

उर्दूत कुणाला दफन केलं हे अदबीनं सांगायचं असेल तर म्हणतात, ‘सुपुर्द-ए-खाक केलं’. खाक म्हणजे माती. आणि सुपुर्द? तो शब्द आपण मराठीत रोज वापरतो. सापडलेलं पाकीट मालकाच्या सुपूर्द केलं, चोर पोलिसांच्या सुपूर्द केला. म्हणजे विश्वासानं हवाली केलं. मातीच्या हवाली केलं. त्याहून पुढची गोष्ट आहे ‘अमानत’ची. मुमताजमहल १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला वारली. तिला आधी तिथल्या बागेत तात्पुरतं पुरलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. पुन्हा काढायचं आहे अशा बेतानं पुरलेल्या देहाला अमानत म्हणत. मातीकडं ठेवायला दिलेली वस्तू, मागितली की परत मिळणारी. मराठीत याच शब्दातल्या अक्षरांची अदलाबदल झाली आणि ‘अनामत’ झालं. घरभाड्याची अनामत रक्कम भरताना आपण हाच शब्द लिहितो.

आता नातवाच्या मुद्द्याकडं येतो. दफन आपल्यातला वाटत नाही, ठीक. मग आपल्यातले जुने शब्द काय म्हणतात?

चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ मराठवाड्याच्या गोदाकाठाशी घट्ट बांधलेला आहे. या पंथात दहन करत नाहीत, देह भूमीत ठेवतात, आणि त्याला शब्द आहे ‘निक्षेप’. नि म्हणजे खाली, क्षिप् म्हणजे टाकणं, ठेवणं. आता हाच शब्द जुन्या धर्मशास्त्रात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शोधा. तिथं निक्षेप म्हणजे दुसऱ्याकडं विश्वासानं ठेवलेली ठेव. बँकेच्या हिंदी कागदांवर आजही ठेवीला निक्षेप म्हणतात. दफन आणि दफिना यांची जोडी अरबीत, निक्षेप आणि निक्षेप यांची जोडी संस्कृतात. दोन भाषांची घराणी पूर्ण वेगळी, एकमेकींकडून हे काही घेतलेलं नाही, पण माणसाचं मन दोन्हीकडं एकाच वाटेनं गेलं.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की दोन वर्षांच्या आतलं मूल गेलं तर नातलगांनी त्याला सजवून गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावं, अस्थी गोळा करू नयेत. तिथलं क्रियापद आहे ‘निदध्युः’. नि आणि धा. धा म्हणजे ठेवणं. याच जोडीतून निधी आणि निधान आले, म्हणजे पुन्हा खजिना. आपल्याकडं जाळणाऱ्या घरांतही तान्हं मूल जाळत नाहीत, त्याला माती देतात. ही रीत त्या श्लोकाहूनही कितीतरी जुनी आहे. प्रवरेच्या काठी नेवासा आणि दायमाबाद, पुण्याकडं इनामगाव, या ठिकाणच्या उत्खननांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली. त्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांचे सांगाडे मिळाले. दोन मोठी मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली आणि आत मूल. गावाबाहेर नाही, ज्या घरात जन्मलं त्याच घराच्या जमिनीत. त्या लोकांची भाषा कोणती होती हे ती मडकी सांगत नाहीत. पण ठेवण्याची रीत पाहिली की क्रियापद कळतं.

‘समाधी’ हा शब्द तर सगळ्यांच्याच ओठावर. सम्, आ आणि तोच धा. मूळ अर्थ नीट एका जागी ठेवणं, म्हणजे मन एका ठिकाणी बसवणं. योग्याचं चित्त समाधीत जातं. मग ज्यानं ध्यानातच देह ठेवला त्याच्या स्थळाला समाधी म्हणू लागले, आणि पुढं कुणाही थोराच्या कबरीला. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, कपिलधारला मन्मथस्वामींची, आणि तेरला गोरोबाकाकांची. आयुष्यभर माती तुडवलेल्या कुंभाराची समाधी पाहायला गेलो की मला तिथं जरा जास्तच वेळ थांबावंसं वाटतं. पैठणच्या एकनाथांनी १५९९ मध्ये गोदावरीत देह ठेवला, तिथं शब्द झाला जलसमाधी. आता तो धरणाखाली गेलेल्या गावांनाही लावतात, नाथसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतले लोक असंच सांगतात, "आमच्या गावाला जलसमाधी मिळाली."

खुद्द श्मशान हा शब्दही जाळण्याचा नाही. यास्काच्या निरुक्तात त्याची फोड दिली आहे : श्म म्हणजे शरीर, आणि शान म्हणजे शयन. शरीर निजवण्याची जागा. काही अभ्यासक यात ‘अश्म’ म्हणजे दगड पाहतात, पण निजण्याचा अर्थ त्यांनाही मान्य आहे. याच श्मशानाचं झिजून आपलं मसण झालं आणि मसणवटा झाला. इंग्रजीत दफनभूमीला ‘सिमेट्री’ म्हणतात, तो शब्द ग्रीक आणि त्याचाही मूळ अर्थ निजण्याची जागा. इंग्रजीतला पुरण्याचा भारदस्त शब्द ‘इंटर’ म्हणजे लॅटिनमधलं ‘इन’ आणि ‘टेरा’, मातीच्या आत. तो साधा आहे, त्यात फार काही दडलेलं नाही.

वैदिक काळी सगळे जाळतच होते असा एक समज आहे. तो खरा नाही. अथर्ववेदाच्या अठराव्या कांडात पितरांना हवी, म्हणजे आहुती, घ्यायला बोलावताना ऋषी चार प्रकार मोजतो, आणि त्यांत पहिला शब्दच ‘निखाताः’ आहे, म्हणजे खणून पुरलेले. दग्ध त्याच्या नंतर येतात. हा खन् धातू आपल्या खणणं, खाण, उत्खनन या शब्दांत अजून आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अठराव्या सूक्तात मृताला सांगितलंय, या भूमीकडं जा, ही आई आहे. आणि भूमीला सांगितलंय, आई जशी पदरानं लेकराला झाकते तसं याला झाकून घे. मला या विषयावर याहून चांगलं काही सापडलेलं नाही. दफनमधलं ‘झाकणं’ आणि या ऋचेतलं ‘झाकणं’ शेजारी ठेवून बघा.

मग साधे मराठी शब्द? ‘पुरणं’ हा पूर् धातूचा, म्हणजे भरणं. खड्डा भरायचा म्हणून पुरणं. पोळीत भरतात ते पुरण याच घराण्यातलं, आणि "एवढं पुरं" मधलं पुरंही. शब्दात काही वाईट नाही, पण पैसे पुरतात, चोरीचा माल पुरतात, मेलेलं कुत्रंही पुरतात. म्हणून माणसासाठी लिहिताना हात अडखळतो. ‘गाडणं’ खड्ड्यासाठीच्या जुन्या प्राकृत शब्दातून आलं आणि त्याला रागाचा वास लागला. "इथंच गाडीन" ही धमकी असते. स्वतःच्या माणसासाठी तो शब्द कुणी वापरत नाही, आणि नातवाचं तेवढं म्हणणं अगदी बरोबर होतं.

उरली माती. मृत्तिका, प्राकृतात मट्टिआ, मराठीत माती. पुष्कळांना वाटतं की माती आणि मृत हे एकाच मुळाचे. तसं नाही. माती मृद् या धातूकडं जाते, म्हणजे चुरणं, मळणं. मृत हा मृ म्हणजे मरणं यातला. आणि आपण ‘मयतीला जातो’ त्यातला मयत अरबी. तिघं शेजारी राहतात, रक्ताचं नातं नाही. पण एकत्र इतकी वर्षं नांदले की आता वेगळे काढता येत नाहीत.

‘मूठमाती’कडं तर नीट बघायला हवं. "अंधश्रद्धेला मूठमाती द्या" असं भाषणात म्हणतात, म्हणजे कायमचं सोडून द्या. "संकोचाला तिलांजली दिली" याचाही तोच अर्थ. पण दोन शब्द दोन वेगळ्या विधींतून आलेत. तिलांजली म्हणजे मृतासाठी ओंजळीनं सोडलेलं तिळाचं पाणी. मूठमाती म्हणजे खड्ड्यात ठेवलेल्या देहावर प्रत्येकानं टाकलेली मूठभर माती. मुसलमानांत तीन मुठी टाकतात आणि त्या वेळी कुराणातली आयत म्हणतात : याच मातीतून तुम्हाला घडवलं, तिच्यातच परत नेऊ, तिच्यातूनच पुन्हा बाहेर काढू. ख्रिस्ती दफनविधीतही मातीला माती म्हणत मूठभर माती टाकतात. जालन्याजवळचं बेथेल हे नारायण शेषाद्री यांनी वसवलेलं गाव, त्या भागातल्या ख्रिस्ती घरांत ही प्रार्थना मराठीत होते. आणि लिंगायतांत मी स्वतः टाकली आहे.

आजींना बसवूनच नेलं. विमान म्हणतात त्या सजवलेल्या आसनावर, कपाळभर विभूती, गळ्यात फुलं, पुढं भजन. शेतात खड्डा तयार होता. काळी जमीन, दोन दिवस पाऊस पडून गेलेला, त्यामुळं खड्ड्याच्या कडा ओल्या आणि चकचकीत. आत मांडी घालून बसवलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, ज्या हातावर ठेवून त्यांनी आयुष्यभर पूजा केली तोच हात. स्वामींनी मंत्र म्हटले, बेल आणि विभूती टाकली. या लोकांत मरण पावले म्हणत नाहीत, लिंगैक्य झाले म्हणतात, लिंगाशी एक झाले. आणि त्यांच्या दफनभूमीला रुद्रभूमी म्हणतात. सगळं झाल्यावर एकेकानं माती घेतली. ओली काळी माती मुठीतून सुटत नाही. ती टाकायला बोटं उघडून हात झटकावा लागतो.

आता लिहिण्यापुरतं सांगतो. बातमीत, पत्रिकेत, सरकारी अर्जात ‘दफन’ आणि ‘दफनविधी’ हे शब्द बिनदिक्कत वापरावेत. ते कुठल्याही एका धर्माचे नाहीत, त्यांत अनादर नाही. ‘दफनविधी’चा पहिला अर्धा भाग अरबी आणि दुसरा संस्कृत, ‘दफनभूमी’चंही तसंच. असे जोडशब्द मराठीनं स्वतः घडवलेत, ते ना अरबस्तानात चालतात ना संस्कृतात. ‘त्यांचं दफन केलं’ हे सरळ मराठी. ‘दफनावलं’ हे हिंदीच्या वळणाचं आणि कानाला कोरडं लागतं, मी टाळतो. संत, महंत, गोसावी यांच्यासाठी ‘समाधी दिली’. लिंगायत घरासाठी ‘लिंगैक्य’ लिहिलं तर त्या घराला ते आपलं वाटतं, फक्त पुढं विधी कुठं आणि किती वाजता हे सांगायला दफनविधी लागतोच. ‘अंत्यविधी’ चुकीचा नाही. पण त्यातून पाहुण्यांना स्मशानात जायचं की शेतात, हे कळत नाही. त्या दिवशी आमच्या बातमीनं तीन गाड्या स्मशानभूमीवर गेल्या आणि तिथून परत शेताकडं वळल्या.

एक गोष्ट शब्दापलीकडची. दफनाला जागा लागते. ज्यांची स्वतःची शेती आहे ते आपल्या बांधाला माती देतात. ज्यांच्याकडं गुंठाभर जमीन नाही, भटके आहेत, गावकुसाबाहेरचे आहेत, त्यांच्यावर प्रेत घेऊन जागेसाठी भांडायची वेळ येते. दहनभूमीवर शेड, रस्ता, पाण्याची टाकी होते, आणि दफनभूमी कितीतरी गावांत सातबाऱ्यावरच्या नोंदीपुरती राहते. ठेवायला जागाच नसेल तर ठेव कुठली. ग्रामसभेत हा विषय निघाला तर ‘ते त्यांचं बघतील’ म्हणून पुढं ढकलू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या दिवशी मजकूर पाठवून मी आणि नातू दारात उभे होतो. वेशीजवळचे शिलाई करणारे चाचा सायकलवरून आले. आजींच्या चोळ्या वर्षानुवर्षं तेच शिवायचे. सायकल भिंतीला टेकवून, टोपी काढून हातात घेत त्यांनी विचारलं, "बेटा, मिट्टी कित्ते बजे है?"

"चार बजे, चाचा," नातू म्हणाला. "मळ्यात."